वाशिष्ठीची दोन टोकं

दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडली आणि धोपाव्याला उतरून गुहागरची वाट धरली, की अंजनवेलचं वीजकेंद्र फार लांब राहत नाही. कागदोपत्री त्याचं नाव रत्नागिरी गॅस अँड पॉवर. आसपासच्या गावांत मात्र आजही ‘एन्रॉन’ म्हणूनच पत्ता सांगतात. ज्या कंपनीचं हे नाव, ती बुडून दोन तपं झाली. केंद्राची क्षमता १,९६७ मेगावॉट. इथे कोळशाचा धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत, शेजारीच एलएनजीचं, म्हणजे गोठवून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचं, जहाज लावायची जेटी आहे. तरीही या केंद्राच्या आयुष्यातला फार मोठा काळ यंत्रं थंड ठेवण्यात गेला.

त्याच नदीच्या वरच्या अंगाला, पोफळीच्या बाजूला, सह्याद्रीच्या पोटात कोयनेची यंत्रं आहेत. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी घाटाखाली पडतं, वीज देतं आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला येऊन मिळतं. फेरीबोट ज्या पाण्यावर तरंगते त्यात कोयनेचा वाटा असतो. स्वच्छ ऊर्जेकडे जाताना नैसर्गिक वायूचं स्थान काय, ही चर्चा निघाली की मला ही नदी आठवते. वायूने जे काम करावं अशी अपेक्षा आहे, म्हणजे सूर्य मावळल्यावर चटकन उभं राहून विजेची मागणी सांभाळणं, ते काम या नदीच्या वरच्या टोकाला रोज होतं. मुखापाशी ते नेमाने कधी होऊच शकलं नाही.

वायूच्या बाजूने मांडणी अशी केली जाते: कोळशावरून थेट सूर्य-वाऱ्यावर उडी मारता येणार नाही, मधे पूल हवा आणि तो पूल वायूचा. २०२३ साली दुबईत झालेल्या हवामान परिषदेच्या ठरावातही ‘संक्रमणकाळातील इंधनां’ना जागा मिळाली. आपल्या केंद्र सरकारचं उद्दिष्ट आहे की देशाच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के व्हावा. आज तो सहा टक्क्यांच्या आसपास आहे.

माझं मत सरळ सांगतो. भारतात वीजनिर्मितीसाठी हा पूल बांधू नये. वायूला आपल्याकडे कामं आहेत, आणि काही फार महत्त्वाची आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली वायूवरची नवी वीजकेंद्रं उभारणं आणि त्यांच्यासाठी वीस-वीस वर्षांचे आयातीचे करार करणं, ही चूक आपण एकदा केली आहे. तिची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे.

आधी वायूचं जे देणं आहे ते देऊन टाकतो. एक युनिट वीज कोळशापासून केली तर जितका कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याच्या साधारण निम्मा वायूपासून जातो. राख नाही, पारा नाही, गंधक जवळजवळ नाही. मुंबई-पुण्यात बसून वायूवर टीका करणाऱ्यांनी एकदा चंद्रपूर किंवा कोराडीला जाऊन यावं. आपल्या घरातल्या दिव्याची राख तिथल्या गावांच्या अंगणात पडते, विहिरीत उतरते. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीजवळ खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. विदर्भाने ही वीज पन्नास-पन्नास वर्षं अंगावर घेतली आहे. कोळसा लवकरात लवकर कमी झाला पाहिजे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. वायूने ते काम खरोखर केलं असतं, तर मी त्याच्या बाजूने लिहिलं असतं.

अमेरिकेत वायूने ते केलं. २००५ च्या सुमाराला तिथली निम्मी वीज कोळशाची होती, २०२३ पर्यंत ती सहाव्या हिश्शावर आली, आणि तिची बरीचशी जागा वायूने घेतली. पण अमेरिकेच्या पायाखाली वायू आहे. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागलं, त्यासोबत वायूही आला, त्यावर थळचा खत कारखाना उभा राहिला, उरणचं वीजकेंद्र उभं राहिलं. आता त्या क्षेत्राचं वय झालं आहे. मुंबई हायचा वायू जिथे किनाऱ्याला लागतो, त्या उरणलाच ६७२ मेगावॉटच्या केंद्राला पूर्ण क्षमतेने चालवण्याइतका वायू कित्येक वर्षं मिळालेला नाही. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आज बोटीने येतो. उणे १६२ अंशांपर्यंत गार करून, आकार सहाशे पटीने आक्रसवून, कतार किंवा अमेरिकेहून आणलेला हा वायू आपला नसतो. त्याचा भावही आपण ठरवत नाही.

दाभोळ प्रकल्पाचं, म्हणजे अंजनवेलच्या याच केंद्राचं, नेमकं काय झालं ते पुन्हा सांगायला हवं, कारण आज पंचविशीत असलेल्या मुलांना ‘एन्रॉन’ म्हणजे कुठला तरी जुना घोटाळा एवढंच ठाऊक असतं. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. पहिला टप्पा खनिज तेलापासूनच्या इंधनावर चालणार होता, दुसरा टप्पा ओमान आणि अबू धाबीहून येणाऱ्या एलएनजीवर. १९९५ साली सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि तो आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. कराराचं मर्म एकच होतं: वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे भरावेच लागतील. ते पैसे डॉलरशी बांधलेले, आणि इंधनाच्या भावाची जोखीम सगळी मंडळाच्या माथी. तेल महागलं, रुपया घसरला आणि २००० सालच्या अखेरीला दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या पुढे गेली. तेव्हाचे सात रुपये. महागडी वीज घ्यायची नाही म्हणून मंडळाने खरेदी कमी केली, की प्रत्येक युनिटवरचा स्थिर आकार, म्हणजे क्षमतेच्या पैशांचा वाटा, आणखी चढायचा. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी एन्रॉन दिवाळखोरीत गेली. एलएनजीवरचा दुसरा टप्पा जवळपास बांधून तयार होता, तो तसाच राहिला.

पुष्कळ लोक इथे थांबतात आणि म्हणतात, हा एका लबाड कंपनीचा आणि वाईट कराराचा प्रश्न होता, वायूचा त्यात काय दोष? मलाही काही वर्षं तसंच वाटायचं. पण पुढची गोष्ट एन्रॉन नसताना घडली आहे. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी केंद्र हातात घेतलं. लबाडीचा प्रश्न मिटला. यंत्रं दुरुस्त झाली. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून वायू सुरू झाला आणि दाभोळला तो मिळू लागला. केंद्र चांगलं चाललंही. डी-६ मधून दिवसाला ८ कोटी घनमीटर वायू निघेल असं सांगितलं जात होतं. २०१० मध्ये ते साधारण ६ कोटींपर्यंत पोचलं आणि तिथून कोसळलं. २०१३ पर्यंत दीड कोटीच्याही खाली. त्या वर्षाच्या अखेरीला दाभोळ पुन्हा बंद. नंतर २०१५ पासून रेल्वेला ५०० मेगावॉट देऊन त्याला काही काळ धुगधुगी आणली गेली. शेजारचं एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण समुद्रातली लाटरोधक भिंत अपुरी असल्याने पावसाळ्याचे महिने तिथे जहाज लागू शकत नसे, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. कोकणच्या समुद्रावर, जिथे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटत नाहीत.

हे फक्त दाभोळचं नशीब असतं तर गोष्ट वेगळी. डी-६ च्या आशेवर आंध्रात, गुजरातेत, उत्तरेकडे वायूची केंद्रं उभी राहिली. या दशकाच्या सुरुवातीला देशात वायूवरची क्षमता सुमारे २५ हजार मेगावॉट होती आणि देशाच्या विजेत तिचा वाटा दोन-तीन टक्के. बँकांचे पैसे अडकले, केंद्रं गंजत राहिली. पूल बांधून झाला होता, त्यावरून जायला गाडीच नव्हती.

आता भावाचा हिशेब करून पाहू. वायूचा भाव ‘एमएमबीटीयू’ या मापात सांगतात. एक एमएमबीटीयू वायूपासून चांगल्या केंद्रात साधारण १३५ युनिट वीज निघते. आयात वायू १२ डॉलरला पडला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर १,०२० रुपयांचं इंधन झालं. म्हणजे युनिटमागे साडेसात रुपये, तेही नुसते इंधनाचे. यंत्रांचं व्याज, पगार, वहन हे सगळं वर. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२४ च्या अखेरीस केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने २,००० मेगावॉट सौर आणि त्यासोबत चार तास पुरणारा १,००० मेगावॉटचा साठा अशी निविदा काढली. दर आला साडेतीन रुपयांच्या आसपास. यात संध्याकाळची वीज धरलेली आहे आणि हा दर पंचवीस वर्षं बदलणार नाही. सूर्याचा भाव होर्मुझच्या सामुद्रधुनीत काय चाललं आहे त्यावर ठरत नाही.

आणि १२ डॉलर हा आकडा तरी कोणी स्थिर धरावा? आशियातल्या बाजारात २०२० च्या उन्हाळ्यात हाच वायू दोन डॉलरच्या आसपास मिळत होता. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर तो ५० डॉलरच्या वर गेला. त्या वर्षी पाकिस्तानात जे घडलं ते आपण नीट पाहायला हवं. पाकिस्तानने वायूच्या पुलावर मनापासून विश्वास ठेवला होता. टर्मिनल बांधली, केंद्रं बांधली, कतारशी दीर्घ मुदतीचे करार केले. २०२२ मध्ये युरोपने वाटेल त्या भावाने वायू उचलायला सुरुवात केली तेव्हा काही पुरवठादारांनी ठरलेली जहाजंसुद्धा पाकिस्तानला दिली नाहीत. जुलैमध्ये दहा जहाजांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. गावंच्या गावं तासन्‌तास अंधारात. मग लोकांनी आपापला मार्ग काढला. छपरावर, शेतात, गिरणीवर, मिळेल तिथे चिनी सौर पॅनल लागले. २०२४ या एका वर्षात तिथे सुमारे १७ हजार मेगावॉटचे पॅनल आयात झाले. सरकारी विजेची मागणी घटली, आणि मग त्याच देशाकडे वायू शिल्लक पडू लागला. कतारला विनवण्या कराव्या लागल्या की ठरलेली जहाजं पुढे ढकला. २०२२ मध्ये जे मिळत नव्हतं ते नंतर नको झालं, पण करारात लिहिलेले पैसे भरायचेच होते. मला यात दाभोळचा स्थिर आकारच दिसतो, फक्त पूर्ण देशाच्या मापाचा.

हवामानाच्या अंगानेही एक गोष्ट नोंदवायला हवी. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. जळला तर कोळशापेक्षा बरा, पण न जळता गळला तर पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. विहिरीपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत तीन टक्क्यांच्या आसपास गळती झाली, की येत्या वीस वर्षांपुरता तरी वायूचा कोळशावरचा फायदा संपतो. आयात वायूची वाट तर फारच लांब: विहीर, नळ, गोठवण्याचा कारखाना, जहाज, टर्मिनल, पुन्हा नळ. त्या वाटेवर कुठे किती गळलं याचा हिशेब आपल्या हातात नसतो. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन कमी करण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली, तिच्यात भारत सामील झाला नाही, कारण आपल्याकडचं मिथेन मुख्यतः भातशेतीचं आणि गुराढोरांचं. शेतकऱ्याला त्यात ओढू नये, हे मला पटतं. पण मग निदान विकत घेतलेल्या वायूच्या गळतीबद्दल विक्रेत्याला जाब विचारावा.

आता खरा प्रश्न, संध्याकाळचा. वायूवाल्यांचा हा एकच मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. दुपारी सौर वीज भरभरून असते. सहा-साडेसहाला ती हातातून निसटते आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी, मिक्सर सुरू होतात. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर, गेली. त्या उन्हाळ्यात केंद्राने वीज कायद्याचं कलम ११ वापरून वायूच्या केंद्रांना चालू राहण्याचे आदेश दिले होते. कोळशाची यंत्रं चटकन वर-खाली होत नाहीत, वायूची होतात. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण महाराष्ट्राकडे या कामासाठी सह्याद्री आहे. कोयनेचे चारही टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॉट, दाभोळच्या जवळपास तितकेच. कोयनेची यंत्रं काही मिनिटांत पूर्ण भाराला येतात. संध्याकाळी राज्याच्या भारप्रेषण केंद्राकडून निरोप येतो, झडपा उघडतात आणि अर्ध्या राज्याचा स्वयंपाक होतो. अडचण एकच. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत निवाड्याने कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणीच वळवता येतं. जूनला नवं जलवर्ष सुरू होईपर्यंत ते पुरवून पुरवून वापरावं लागतं. म्हणून मे महिन्यात, नेमकी जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हा कोयना हात आखडता घेते.

त्यावर तोडगा म्हणजे तेच पाणी पुन्हा वर चढवणं. उदंचन प्रकल्प म्हणजे तेवढंच: दुपारी सौर वीज स्वस्त असताना खालच्या तलावातलं पाणी वर पंपाने चढवायचं, संध्याकाळी ते खाली सोडायचं. शंभर युनिट घातली की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. अकोले तालुक्यातलं घाटघर २००८ पासून हे करत आहे, २५० मेगावॉट. कोकण कड्यावर उभं राहिल्यावर जो सरळ तुटलेला डोंगर दिसतो, तो या कामासाठी सोन्यासारखा आहे. राज्याने गेल्या काही वर्षांत अशा प्रकल्पांचे कितीतरी सामंजस्य करार केले, पण कागदापासून बोगद्यापर्यंतचं अंतर फार सावकाश कापलं जातंय. वायूच्या टर्मिनलांमागे, नळांमागे जो पैसा आणि जी घाई लावली जाते, ती इथे लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. हे करताना पश्चिम घाटातलं जंगल आणि तिथली माणसं यांच्यावर पुन्हा घाला पडता कामा नये. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या नातवंडांना आजही आपल्या जमिनीच्या हक्कासाठी मोर्चे काढावे लागतात. नव्या उदंचन प्रकल्पाची पहिली बैठक ऊर्जा विभागात न होता त्या वाडीत झाली पाहिजे, आणि शक्य तिथे आधीच बांधलेले तलाव वापरले पाहिजेत.

मागणी हलवता येते, हेही आपण विसरतो. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं रात्री दिली जायची. थंडीत, सापा-बिबट्यांच्या भीतीत, बॅटरी घेऊन बांधावर मोटर चालू करायला जाणारा शेतकरी हे आपल्या वीजव्यवस्थेचं सर्वांत लाजिरवाणं चित्र आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट आहे, गावाजवळच्या उपकेंद्रालाच सौर प्रकल्प जोडून शेतीला दिवसा वीज द्यायची. ती नेटाने पूर्ण झाली तर रात्रीचा मोठा भार दुपारी सरकेल. वायूचं एकही जहाज न आणता.

मग वायूला कुठे ठेवायचं? जिथे आज पर्याय नाही तिथे. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून होतो, पण त्याला लागणारा हायड्रोजन आजही वायूतूनच काढतात. देशातला वायू सर्वांत जास्त खतांनाच लागतो. हरित हायड्रोजन, म्हणजे स्वच्छ विजेने पाण्यापासून काढलेला हायड्रोजन, परवडेपर्यंत तो लागेल. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सच्या भट्ट्यांचं उदाहरण बोलकं आहे. तिथे कोळशापासून जळाऊ वायू करणारे गॅसिफायर होते आणि हवा-पाण्याची वाट लागली होती. २०१९ मध्ये हरित लवादाने ते बंद करवले आणि कारखाने वायूवर गेले. ही वायूची खरी कामगिरी. पण २०२२ मध्ये भाव चढताच त्यातले बरेच प्रोपेनकडे वळले, म्हणजे तिथेही आयातीची गाठ सुटलेली नाही. शहरांतल्या बस-रिक्षांना सीएनजीने धुरातून सोडवलं, आता त्यांना विजेवर न्यायची वेळ आली आहे. आपल्या साखर कारखान्यांतल्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून), शेणापासून, बाजार समित्यांच्या ओल्या कचऱ्यापासून होणारा बायोगॅस याच नळांत सोडता येतो. तो वायू मात्र मला हवा आहे, कारण तो वाऱ्यावर जाऊ देण्यापेक्षा जाळणं केव्हाही चांगलं.

आणि दाभोळ? बांधून झालेलं केंद्र मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. एप्रिल-मेच्या कठीण संध्याकाळी, काही शे तास, ते चालवावं. तेवढ्यापुरता वायू महाग पडला तरी भारनियमनापेक्षा बरा. पण त्यासाठी वीस वर्षांचं बंधन नको, आणि दुसरं दाभोळ नको.

१९९३ चा करार लोकांपासून लपवून झाला होता. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटात गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले आकडे खणून काढून, साध्या गणिताने दाखवून दिलं की मंडळाला हे झेपणार नाही. तेव्हा त्यांना ऐकून घेणारी जागाही नव्हती. आज वीज नियामक आयोग आहे, वीजखरेदीचे करार त्याच्यापुढे यावे लागतात, हरकती मागवल्या जातात आणि कुणीही ग्राहक तिथे उभा राहून बोलू शकतो. वायूच्या विजेचा पुढचा करार तिथे आला, तर ‘स्वच्छ’ हा शब्द बाजूला ठेवून एकच पान उघडायला सांगावं: वीज घेतली नाही तर किती भरायचं, कोणत्या चलनात आणि किती वर्षं.